साक्ष कोणाची, नोंद कोणाची

लेखकाची कीर्ती वाढली म्हणजे त्याचे वाचन वाढतेच असे नाही. काही लेखकांच्या वाट्याला तर अशी कीर्ती येते की तिच्याआड त्यांची पुस्तकेच झाकली जातात. लोक त्यांना ऐकायला येतात ते एखाद्या देशाविषयी, धर्माविषयी, समाजाविषयी काही अधिकृत ऐकायला मिळेल या अपेक्षेने. मोरोक्कोत जन्मलेल्या आणि अमेरिकेत इंग्रजीतून लिहिणाऱ्या लैला लालामी या अशा लेखकांपैकी एक. त्यांच्या कीर्तीचा आलेख पुरस्कारांच्या भाषेत मांडणे सोपे आहे आणि तो ओघाने येईलच. आम्हांला कुतूहल आहे ते वेगळ्या गोष्टीचे. ज्या लेखिकेला वीसेक वर्षे या ना त्या निमित्ताने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले गेले, तिने आपल्या कथात्म लेखनाचा विषयच 'साक्ष' हा केला. कोणाची साक्ष नोंदवली जाते, कोणाची नोंदवली जात नाही आणि कोणाकडून ती काढून घेतली जाते, या तीन प्रश्नांभोवती त्यांच्या कादंबऱ्या फिरतात असे आमचे मत आहे.

आम्ही दोघेही गेली पंधरा-वीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवतो. लालामी यांच्याकडे आम्ही वळलो ते आत्मकथने शिकवताना पडलेल्या एका प्रश्नामुळे. दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८) किंवा त्यानंतरची दलित आत्मकथने वर्गात वाचताना दरवर्षी कोणी ना कोणी विद्यार्थी विचारतोच, "सर, हे खरंच असं होतं का?" प्रश्न प्रामाणिक असतो, त्याला उत्तरही द्यावे लागते. परंतु त्या उत्तरातच तास संपला तर निवेदकाचे स्वतःकडे पाहणे, बोलीचा वापर, आठवणींची मांडणी हे सारे बाहेरच राहते. ज्या समाजाविषयी वाचकाला माहिती कमी, त्या समाजातल्या लेखकाकडून तो साहित्यकृतीऐवजी दाखला मागतो. ही मागणी केवळ आपल्याकडची नाही. मोरोक्कोतील महंमद शुक्री यांनी दारिद्र्यात आणि उपासमारीत गेलेल्या आपल्या बालपणाची कथा सांगितली, ती प्रथम १९७३ मध्ये पॉल बोल्झ या अमेरिकन लेखकाच्या इंग्रजी भाषांतरात छापली गेली. अरबी मूळ प्रसिद्ध व्हायला १९८२ साल उजाडले आणि पुढच्याच वर्षी त्यावर मोरोक्कोत बंदी आली. म्हणजे आपल्याच देशात, आपल्याच भाषेत जे वाचायला मिळत नव्हते, ते परदेशी वाचकाला 'खरा मोरोक्को' म्हणून आधी मिळाले. शुक्रींच्या मागोमाग वाचत जाताना आम्ही लालामी यांच्यापर्यंत पोहोचलो.

लालामी यांचा जन्म १९६८ मध्ये राबात येथे झाला. घरात बोलणे दारिजा म्हणजे मोरोक्कन बोली अरबीत. शाळेचे संस्कार मात्र फ्रेंचचे. मोरोक्कोवरील फ्रेंच संरक्षित राज्य १९१२ ते १९५६ असे होते. ते संपून बारा वर्षे झाल्यावर जन्मलेल्या या मुलीच्या हातात पडलेली गोष्टींची पुस्तके टिनटिनची आणि अलेक्झांड्र द्यूमाची होती. त्या पुस्तकांत तिच्यासारखी माणसे, तिच्या गल्लीसारखी गल्ली कुठेच नव्हती. लहानपणीचे पहिले लेखनही तिने फ्रेंचमध्येच केले. आपल्या शहराची, आपल्या नावांची माणसे पुस्तकात भेटू शकतात हे तिला पुढे शुक्री आणि द्रिस श्रायबी यांच्यासारख्या मोरोक्कन लेखकांमुळे कळले. राबातच्या महंमद पाचवे विद्यापीठात इंग्रजीची पदवी, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात एम.ए., काही काळ मोरोक्कोत पत्रकारिता, १९९२ मध्ये अमेरिकेस प्रयाण आणि लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियातून १९९७ मध्ये भाषाविज्ञानाची पीएच.डी. असा हा शिक्षणाचा प्रवास आहे. कादंबरीकार होण्यापूर्वी भाषाविज्ञानाची अभ्यासक असलेली ही लेखिका आपण कोणत्या भाषेत लिहितो आणि का, याचा विचार डोळसपणे करते याचे नवल नाही.

या मुद्द्यावर आम्हां दोघांत मतभेद आहे, आणि तो अजून मिटलेला नाही. आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे की लालामी यांची कीर्ती ही शेवटी इंग्रजीची कीर्ती आहे. दारिजात लिहिले असते तर त्या आमच्यापर्यंत पोहोचल्या असत्या काय? मातृभाषा सोडून जागतिक बाजारपेठेच्या भाषेत लिहिणे आणि मग त्या भाषेच्या पुरस्कारांनी मोठे होणे, यात देशी साहित्यपरंपरेला काय मिळाले? भालचंद्र नेमाडे यांच्या देशीवादावर पोसलेल्या आमच्या पिढीला हा युक्तिवाद नवा नाही. दुसऱ्याचे म्हणणे असे की हा युक्तिवाद घरची भाषा आणि राज्यकर्त्यांची भाषा अशा दोनच भाषा गृहीत धरतो. मोरोक्कोत दारिजा घरात आणि बाजारात आहे, प्रमाण अरबी धर्मग्रंथांत आणि वर्तमानपत्रांत आहे, अमाझिग लोकांची भाषा २०११ च्या राज्यघटनेने अधिकृत होईपर्यंत सरकारदरबारी परकीच होती, आणि फ्रेंच ही प्रतिष्ठेची, नोकरीची, वरच्या वर्गाची भाषा आहे. लालामी यांनी इंग्रजीसाठी दारिजा सोडली नाही. लेखनाची भाषा म्हणून दारिजा त्यांच्या हाती कधी दिलीच गेली नव्हती. त्यांनी सोडली ती फ्रेंच. ज्या भाषेने आपल्याला आपल्याच पुस्तकातून गैरहजर ठेवले तिच्यापासून दूर होण्यासाठी त्यांनी एक तिसरी भाषा जवळ केली, जिच्याशी मोरोक्कोच्या गुलामीचा थेट संबंध नव्हता.

पहिल्याने यावर विचारले, अमेरिकेत राहून इंग्रजी ही सत्तेची भाषा नाही असे कोण म्हणेल? हा प्रतिप्रश्न आम्हां दोघांनाही मान्य आहे. किंबहुना लालामी यांच्या लेखनातला ताण तिथेच सुरू होतो. राबातमध्ये इंग्रजी ही मोकळी जागा होती. लॉस एंजेलिसमध्ये तीच भाषा त्यांना विचारू लागली, तुम्ही कोण, कुठल्या, आणि तुमच्या लोकांच्या वतीने काय सांगता?

लालामी यांनी २००१ पासून 'मूरिश गर्ल' या नावाने पुस्तकांविषयी नियमित टिपणे लिहायला सुरुवात केली आणि कथात्म पुस्तक येण्याआधीच चोखंदळ वाचक म्हणून नाव मिळवले. पहिले पुस्तक 'होप अँड अदर डेंजरस परसूट्स' २००५ मध्ये आले. मोरोक्को आणि स्पेन यांच्यामधली जिब्राल्टरची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद ठिकाणी सुमारे चौदा किलोमीटर आहे. आठ माणसांसाठी बनवलेल्या रबरी बोटीत तीसजण बसून रात्री ती ओलांडू पाहतात. त्यांतल्या मुराद, अझीज, फातेन आणि हलिमा या चौघांच्या आधीच्या आणि नंतरच्या आयुष्याच्या कथा म्हणजे हे पुस्तक. बातमीत अशा प्रवासाला एक आकडा मिळतो: इतके बुडाले, इतके परत पाठवले. लालामी आकड्याला हात न लावता चौघांना चार वेगवेगळी कारणे देतात. कोणी बेकारीमुळे निघतो, कोणी मारकुट्या नवऱ्यामुळे. फातेन ही धार्मिक वृत्तीची विद्यार्थिनी माद्रिदला पोहोचते आणि देहविक्रय करून जगते. तिचा एक गिऱ्हाईक सभ्य आहे, सहानुभूतीचा आहे, आणि त्याला तिच्याकडून तिच्या देशाच्या गोष्टी हव्या आहेत. त्याला काय ऐकायचे आहे हे ओळखून ती तसे रचून सांगते. आमच्या वाचनात हे प्रकरण सर्वांत अस्वस्थ करणारे ठरले, कारण 'पौर्वात्य' गोष्ट मागणारा वाचक आणि ती पुरवणारा लेखक यांचा संबंध इतक्या उघड्या रूपात क्वचितच दाखवला जातो. लेखिकेने आपल्या कारकिर्दीच्या आरंभीच आपल्या पुढ्यात काय वाढून ठेवले आहे हे ओळखले होते, असे आज मागे वळून पाहताना वाटते.

कासाब्लांकाच्या झोपडवस्तीतल्या तरुणाची कथा सांगणारी 'सीक्रेट सन' २००९ मध्ये आली. त्यांचे नाव सर्वदूर पोहोचले ते मात्र २०१४ च्या 'द मूर्स अकाउंट' या कादंबरीने. या कादंबरीमागचा इतिहास असा. पानफिलो दे नार्वाएझ याची स्पॅनिश मोहीम १५२७ मध्ये निघाली आणि १५२८ मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर उतरली. आत शिरलेल्या सुमारे तीनशे माणसांची वादळांनी, उपासमारीने, रोगराईने आणि चकमकींनी वाताहत झाली. आठ वर्षांनी, १५३६ मध्ये, चारजण पायी मेक्सिकोत पोहोचले. तिघे स्पॅनिश होते, चौथा त्यांच्यातल्या एकाचा गुलाम, एस्तेबानिको. तिघा स्पॅनिशांनी राज्यकर्त्यांपुढे संयुक्त निवेदन सादर केले. त्यांतल्या काबेसा दे वाका याने आपली हकीकत १५४२ मध्ये छापली आणि ती प्रसिद्ध झाली. तिच्यात एस्तेबानिकोचा उल्लेख अधूनमधून येतो. तो कोण, कुठला, हे मात्र शेवटी एकाच वाक्यात उरकले आहे: काळा, अरब, आझेमूरचा राहणारा. त्या हकीकतीतूनच हेही समजते की वाटेतल्या मूलनिवासी लोकांशी बोलणी करायची, पुढचा रस्ता काढायचा, माहिती आणायची, ही कामे याच माणसाकडे होती. म्हणजे चौघांत सर्वांशी बोलला तो, आणि साक्ष मात्र इतर तिघांची नोंदली गेली.

या माणसाशी लालामी यांची गाठ पडली ती अन्वर माजिद यांचे मूर लोकांविषयीचे पुस्तक वाचताना. त्या एका वाक्यातून त्यांनी कादंबरी उभी केली. आपल्याकडे बखरींशी परिचय असणाऱ्यांना या खटाटोपाचे मर्म पटकन कळेल. बखरीत धन्याचे नाव, घराणे, पराक्रम सविस्तर येतो. हुजऱ्या, हरकारा, मोतद्दार यांच्या वाट्याला फार तर एक शब्द. 'एस्तेबानिको' हे नावही तसेच आहे. एस्तेबानचे ते लघुरूप. जाणत्या पुरुषाला गणपत न म्हणता 'गणप्या' म्हणण्यात जी पायरी दाखवली जाते तीच त्यात आहे. कादंबरीने त्याला मुस्तफा हे नाव दिले, बाप, आई, भावंडे दिली आणि मुख्य म्हणजे 'मी' म्हणण्याचा अधिकार दिला. निवेदनाचा घाट अरबी प्रवासवर्णनांच्या वळणाचा आहे, आणि प्रकरणांना 'अमक्याची कहाणी' अशी शीर्षके आहेत.

परंतु या कादंबरीचे खरे मोल नायकाला वाचा दिली एवढ्यात आहे असे आम्हांला वाटत नाही. 'दबलेल्यांना वाचा' हा वाक्प्रयोग आता समीक्षेत गुळगुळीत झाला आहे. लालामी यांनी मुस्तफाला निष्पाप केलेले नाही. तो आझेमूरचा महत्त्वाकांक्षी व्यापारी आहे, आणि त्याने स्वतः एकदा नफ्यासाठी माणसे विकली आहेत. दुष्काळात घरच्यांची भूक भागवण्यासाठी तो स्वतःलाच विकतो, तेव्हा तो जुना व्यवहार त्याच्या मनात जागा होतो. इतिहासात १५३९ मध्ये झुनी लोकांच्या हावीकु गावी त्याचा अंत झाल्याची नोंद आहे. ती नोंद कोणी, कशाच्या आधारे केली, असे विचारून कादंबरी त्या मृत्यूवरच संशय घेते. प्रतिनिधी म्हणून उभा केलेला माणूस स्वच्छ असावा लागतो, कारण त्याच्यावरून त्याच्या जमातीची किंमत होणार असते. साहित्यातला माणूस तसा असून चालत नाही. मुस्तफाच्या अपराधभावनेमुळे तो एका जमातीचा नमुना राहत नाही, एक माणूस होतो.

ही कादंबरी २०१५ च्या पुलित्झर पारितोषिकाच्या अंतिम नामांकनांत होती, त्याच वर्षी मॅन बुकरच्या दीर्घ यादीत होती आणि तिला अमेरिकन बुक अवॉर्ड मिळाले. कीर्ती आली. त्याच वर्षातला एक प्रसंग लालामी यांनी स्वतः लिहिला आहे. अ‍ॅरिझोना राज्यातील स्कॉट्सडेल येथे त्यांनी या कादंबरीतला भाग वाचून दाखवला. नंतर चर्चा सुरू झाली ती त्यांच्या मोरोक्कोतल्या लहानपणाविषयी. तिथून ती इस्लामवर आणि मग इसिस या दहशतवादी संघटनेवर गेली. अखेर एक बाई उठून म्हणाल्या की दूरचित्रवाणीवर आपल्याला फक्त अतिरेकी मुसलमान दिसतात, तुमच्यासारख्यांचे बोलणे आम्हांला का ऐकू येत नाही? लालामी यांनी हसून उत्तर दिले की ते तुम्ही आत्ता ऐकतच आहात.

या प्रसंगात कोणी उद्धट नाही. श्रोते पुस्तकावर प्रेम करणारे आहेत, पैसे आणि वेळ खर्चून आले आहेत. तरीही सोळाव्या शतकातल्या, साक्ष न घेतलेल्या माणसाची कादंबरी वाचून दाखवणाऱ्या लेखिकेकडून तिथे एका वेगळ्याच खटल्यातली साक्ष मागितली गेली. कीर्ती मिळाली म्हणजे ऐकले जातेच असे नाही हे इतक्या नेमकेपणाने सांगणारा दुसरा प्रसंग आमच्या वाचनात नाही.

लालामी २००० मध्ये अमेरिकेच्या नागरिक झाल्या. त्या नागरिकत्वाचा अनुभव त्यांनी 'कंडिशनल सिटिझन्स' (२०२०) या वैचारिक पुस्तकात मांडला. वंश, धर्म, लिंग आणि मूळ देश यांच्यामुळे काहींचे नागरिकत्व कायम सशर्त राहते, हे त्यांचे प्रतिपादन. परदेशातून परतताना सीमेवरच्या एका अधिकाऱ्याने त्यांच्या पतीला गमतीने विचारले होते, हिच्यासाठी किती उंट मोजलेत? पासपोर्ट दोघांचाही अमेरिकन होता. विनोद करणाऱ्याला तो आठवणारही नाही. ज्याच्यावर होतो त्याला मात्र नागरिकत्वाच्या कागदावर न छापलेली अट त्यातून कळते.

त्याआधीच्या वर्षी आलेली 'दि अदर अमेरिकन्स' ही कादंबरी नॅशनल बुक अवॉर्डच्या अंतिम यादीत होती. मोहावी वाळवंटाच्या परिसरात द्रिस गेराउई हा मोरोक्कन उपाहारगृहचालक रात्री रस्त्यात मोटारीखाली सापडतो आणि गाडी न थांबता निघून जाते. नऊ निवेदक आपापली बाजू सांगतात, त्यांत मृत द्रिसही आहे. अपघात पाहणारा एकच माणूस, एफ्राईन, सायकलची निसटलेली साखळी बसवत तिथे थांबलेला. त्याच्यापाशी रहिवासाची कागदपत्रे नाहीत. साक्ष द्यायला गेला तर देशाबाहेर घालवला जाण्याची भीती, न दिली तर मनाला स्वस्थता नाही. 'बोलायला हवे' असा उपदेश करणाऱ्या प्रत्येकाने या पात्रापाशी थोडे थांबावे. साक्ष देण्याची किंमत सर्वांना सारखी पडत नाही.

मग २०२५ ची 'द ड्रीम हॉटेल'. परदेशातून परतणारी सारा हुसेन लॉस एंजेलिसच्या विमानतळावर अडवली जाते. झोप सुधारण्यासाठी बसवलेल्या उपकरणातून तिच्या स्वप्नांची माहिती गोळा झालेली आहे, आणि ती नवऱ्याला इजा करील असा यंत्राचा अंदाज आहे. गुन्हा घडलेला नसताना तिला काही आठवड्यांसाठी अडकवून ठेवले जाते आणि नियमभंगाच्या किरकोळ निमित्तांनी मुदत वाढत राहते. एस्तेबानिकोला कोणी विचारले नव्हते; साराला विचारण्याची गरजच उरलेली नाही. तिचीच स्वप्ने तिच्याविरुद्ध साक्ष देतात. पाचशे वर्षांचे हे अंतर एकाच लेखिकेने दोन कादंबऱ्यांत कापले आहे, आणि दोन्हीकडे प्रश्न एकच आहे: माणसाविषयी लिहिलेली नोंद कोणाच्या ताब्यात आहे?

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील शाखेत लालामी यांनी सर्जनशील लेखनाच्या प्राध्यापक म्हणून अध्यापन केले आहे. अध्यापक म्हणून आम्हांला त्यांच्यापासून काय घेता येईल, याचा आम्ही विचार करतो. विद्यार्थ्याचा 'हे खरंच असं होतं का' हा प्रश्न टाळावा असे आम्ही म्हणणार नाही. तो आला की त्याच्या शेजारी आणखी दोन प्रश्न ठेवावेत: हे आजवर कोणी लिहून ठेवले होते, आणि या लेखकाने ते कसे सांगितले आहे? तिन्ही एकत्र विचारले तर आत्मकथनही साहित्य म्हणून वाचले जाईल आणि त्यातले सत्यही उणावणार नाही. आमच्यातला भाषेचा वाद मात्र चालूच राहील. दारिजात लिहिणाऱ्या एखाद्या लालामीला तेवढी कीर्ती मिळेल का, या प्रश्नाला इंग्रजीतल्या लालामी यांचे यश हे उत्तर होऊ शकत नाही.

त्यांच्या पहिल्या पुस्तकाची अखेर या संदर्भात पुन्हा वाचण्याजोगी आहे. स्पेनला पोहोचू न शकलेला मुराद तांजियरमध्ये एका भेटवस्तूंच्या दुकानात काम करतो. दोन अमेरिकन पर्यटक स्त्रिया आत येतात. त्यांच्या बोलण्यात पॉल बोल्झ येतो, तोच, ज्याच्या भाषांतराने शुक्री परदेशी वाचकांपर्यंत आधी पोहोचले. मुराद त्यांना गालिच्याच्या सौद्यात गुंतवता गुंतवता एक गोष्ट सांगतो. गोष्ट रंगते. मग त्याच्या ध्यानात येते की दुसऱ्यांनी सांगितलेल्या तांजियरच्या गोष्टींत तो इतका रमला की बापाकडून ऐकलेल्या गोष्टी हातातून निसटत चालल्या आहेत. दुकान बंद करून तो घरी निघतो तो आपली गोष्ट लिहायला बसायचे असे ठरवून. ती तो कोणत्या भाषेत लिहील हे पुस्तक सांगत नाही.